एक जूनचे गुलाब

मंडळाच्या दिवाळी स्मरणिकेत ज्येष्ठांच्या गौरवाचं एक सदर असतं. यंदा शरयूबाईंवर लिही, तू त्यांच्या दुकानात दोन वर्षं काम केलंस, अर्धं पान पुरे, फोटो आम्ही टाकतो, असं सेक्रेटरीकाकांनी मला सांगितलं. मी म्हटलं, काका, मी मोर्च्यांची पत्रकं लिहिते, गौरव नाही. ते म्हणाले, "अगं, एकटं म्हातारं माणूस आहे. जरा गोड लिही." लिहून पाहिलं. गोड झालं नाही आणि अर्ध्या पानात मावलंही नाही. म्हणून हे स्मरणिकेबाहेर.

बाईंचं फुलांचं दुकान कोक्विटलाममध्ये आहे, एका डेंटिस्टच्या आणि एका नेल सलूनच्या मधे. सत्तरच्या दशकात नवऱ्याबरोबर पुण्याहून इकडे परदेशात आल्या, बर्नाबीच्या डोंगरावरच्या युनिव्हर्सिटीत आयुष्यभर बॉटनीच्या लॅब घेतल्या, रिटायर झाल्यावर दुकान काढलं. एवढं चरित्र बस झालं. बाकीची यादी सेक्रेटरीकाकांकडे आहे.

मी काम मागायला गेले तेव्हा रेझ्युमे पुढे केला. बाईंनी तो टेबलावर उलटा टाकला आणि त्यावर ओली कात्री ठेवली.

"जन्मतारीख?"

"एकोणीस जुलै."

"लार्कस्पर. मुळापासून बीपर्यंत विषारी. गुरं खाऊन मरतात. सोमवारी ये."

इकडे प्रत्येक महिन्याला त्याचं फूल असतं. जसं आपल्याकडे नक्षत्रावरून नावाचं अक्षर, तसं यांच्याकडे महिन्यावरून फूल. वाढदिवसाला ते द्यायचं, बाळ झालं की ते द्यायचं, हौशी पोरी तर दंडावर गोंदवून घेतात. बाईंचा खरा धंदा उन्हाळ्याचा, कारण त्या तीन महिन्यांची फुलं त्यांच्या स्वतःच्या बॅकयार्डात होत. जूनचे गुलाब आणि हनीसकल. जुलैचे लार्कस्पर आणि वॉटर लिली. ऑगस्टचे ग्लॅडिओलस आणि पॉपी. प्रत्येकाचा एक ठरलेला अर्थ. दुसऱ्या दुकानांत त्या अर्थाची छापील कार्डं मिळतात, प्रेम, आनंद, धैर्य वगैरे, सोनेरी अक्षरात. बाई कार्ड हाताने लिहीत, आणि त्यांना जे माहीत असे ते सगळं लिहीत. हनीसकल म्हणजे अतूट बंध, हे सगळेच लिहितात. बाई पुढे लिहायच्या: ही वेल ज्या झाडाला धरते त्याचं खोड पिळून वाकडं करते. पॉपी, अफूच्या जातीची, म्हणजे झोप आणि विसर. इथे मेलेल्या सैनिकांसाठी लोक नोव्हेंबरात कोटाला लाल पॉपी लावतात, त्यामुळे ऑगस्टच्या बाळाला ती कोणी मागत नाही. बाई मुद्दाम दाखवायच्या. "तुमच्या महिन्याचीच आहे. नको असेल तर नको म्हणा, पण नाहीये असं म्हणू नका." वॉटर लिलीला कोणी कमळ म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. मराठी बायका म्हणायच्या, आणि बाई भर दुकानात त्यांची शिकवणी घ्यायच्या. "कमळाचं पान पाण्याच्या वर उभं राहतं. हे तरंगतंय. हे कुमुद. उद्या लक्ष्मीला हे वाहाल आणि कमळाचं पुण्य मागाल."

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. एक गोरी आई स्ट्रोलर घेऊन आली. आत वर्षाची मुलगी, जुलैची. वाढदिवसाला निळे लार्कस्पर हवेत, आणि कार्डावर काहीतरी क्यूट लिहून द्या, म्हणाली. बाईंनी लिहिलं: पांढरा म्हणजे हसरा स्वभाव, गुलाबी म्हणजे चंचलपणा, जांभळा म्हणजे पहिलं प्रेम. संपूर्ण झाड विषारी. बी सर्वांत जास्त.

तिने वाचलं. "पण हे माझ्या बाळाच्या वाढदिवसासाठी आहे."

"म्हणून तर. ती तोंडात घालेल."

ती फुलं न घेता गेली. बाईंनी देठ पुन्हा पाण्यात ठेवले आणि मला म्हणाल्या, "जुलै, पुढची बादली आण."

आम्हाला त्या महिन्याच्या नावाने हाक मारायच्या. मी जुलै. इतरही महिने होते. आईबापांनी काय नावं ठेवलीत याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. नाव काय, कोणीही काहीही ठेवतं, म्हणायच्या. जन्म मात्र एकदाच होतो आणि ठरलेल्या वेळी होतो. त्यांचा स्वतःचा पाच ऑगस्टचा, सकाळी सहा सतराचा. मिनिटासकट. पत्रिका अजून लाल कापडात गुंडाळलेली होती, मी पाहिलीय.

मला तेव्हा बाई आवडल्या होत्या. हे कबूल केल्याशिवाय पुढे लिहिण्यात अर्थ नाही. आमच्यासारख्या पत्रकवाल्यांना दुसरं काय हवं असतं? कोणाची भीड न बाळगता खरं बोलणारं माणूस. मी स्टुडंट्सच्या मीटिंगमध्ये त्यांचे किस्से सांगायची. कोणी काही बोललं की त्या विचारायच्या, "फॅक्ट आहे की फीलिंग?" ते वाक्य मी एका पत्रकाच्या डोक्यावर छापलंसुद्धा होतं.

मग ऑगस्टात एका इंजिनियरकाकांची ऐंशी पूर्ण झाली. मंडळातलं मानाचं माणूस, कोक्विटलाममधला मोठा हॉल, सव्वाशे पानं. मालतीकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, बाईंना फुलं सांगितली होती. ग्लॅडिओलस, पांढरे आणि पिवळे. बाईंनी ते सजवले, फार सुंदर सजवले. मग भाषणं सुरू झाली तेव्हा उठल्या आणि माईक मागून घेतला. हातात पॉपीची जुडी.

"ऑगस्टची फुलं दोन," बाई म्हणाल्या. "ग्लॅडिओलस म्हणजे सचोटी, बळ. ती तुम्ही मागितलीत, ती टेबलावर आहेत. पॉपी म्हणजे विसर. ती मी आणलीय. गेल्या तीन भेटींत काकांनी मला तिन्ही वेळा विचारलं, मिस्टर कसे आहेत. ते जाऊन सहा वर्षं झाली. काका अंत्यविधीला होते. मालतीताई, तुम्ही हे सगळ्यांपासून लपवताय. कशाला? डॉक्टरला दाखवा."

काकांचा मुलगा ओटावाहून आला होता, तो उठून म्हणाला, "आंटी, प्लीज. धिस इज नॉट द प्लेस."

"मग कुठली प्लेस? तू वर्षातून एकदा येतोस."

काकू पदराने तोंड झाकून रडत होत्या. आणि काका, सूट घातलेले, कपाळाला कुंकू, हसत हसत पुढे आले. त्यांना वाटलं सत्कारच चाललाय. त्यांनी जुडी घेतली, अर्ध्या पाकळ्या तिथेच गळल्या, पॉपीचं तसंच असतं. माईकवर म्हणाले, "थँक यू, शरयू, थँक यू. मिस्टर दिसले नाहीत, कसे आहेत?"

पुढच्या महिन्यात काकूंनी त्यांना डॉक्टरकडे नेलं. निदान बाईंनी केलं होतं तेच निघालं. "बघ," बाई मला म्हणाल्या. मी बघितलं. मला काकांचा हसरा चेहरा दिसत होता.

त्याच दिवसांत एका सकाळी आम्ही गुलाबांचे काटे काढत होतो. मी मिस्टरांचं विचारलं. बाईंनी हात न थांबवता सांगितलं. ते जूनचे, म्हणून कुंपणावर हनीसकल लावलेली. हॉस्पिटलात शेवटी शेवटी त्यांनी विचारलं होतं, "शरू, मी घरी येईन ना?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"नाही म्हटलं."

"आणि ते?"

"भिंतीकडे तोंड केलं. चार दिवस होता त्यानंतर. बोलला नाही."

"बाई, तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. रोज वाटतं." त्यांनी माझ्या हातातला देठ घेतला आणि उजेडाकडे धरला. "काटा काढ म्हटलं, साल सोलू नको. साल गेली की पाणी चढत नाही."

आता संगीता. हे सगळं तिच्यासाठी लिहितेय.

संगीता हिंगोलीकडची. बर्नाबीच्या एका कॉलेजात शिकली, वर्क परमिट मिळालं, आणि बाईंच्या दुकानात लागली. सहा महिन्यांत दुकान तीच बघायला लागली. कामाच्या पाळ्या ती लावायची, ऑर्डरी ती घ्यायची, नवीन पोरींना ती शिकवायची. ग्लॅडिओलस आडवे ठेवायचे नाहीत, शेंडे वर वळतात आणि मग सरळ होत नाहीत. पॉपीचा देठ कापल्या कापल्या मेणबत्तीवर धरायचा, चीक बंद होतो. बाई ओरडल्या की आम्ही तोंडं पाडायचो, ती म्हणायची "व्हय बाई" आणि काम करायची. बाईंना ती आवडायची. ते त्यांच्या वागण्यात कुठे दिसायचं नाही, पण तिने बांधलेली फुलं त्या सोडून बघायच्या नाहीत. आमची सगळ्यांची सोडायच्या.

दर वाढदिवसाला बाई आम्हाला आमचं फूल द्यायच्या. त्या वर्षी दुकानात आम्ही पाचजणी. एकतीस मेला बाई यादी बघत होत्या आणि त्यांच्या लक्षात आलं की पाचातल्या तिघींची तारीख एक जून.

"तिघी? एकाच दिवशी?" बाई म्हणाल्या. "हे कसं शक्य आहे?"

पुण्यात ज्या घरात त्या वाढल्या तिथे हे कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. मी सांगितलं. मी. चांगलं दहा मिनिटं भाषण दिलं. की बाई, गावात पोर घरी जन्मतं, घड्याळ नसतं, कॅलेंडर नसतं, नोंद कोण करणार? शाळेत नाव घालायच्या दिवशी गुरुजी विचारतात जन्म कधीचा, बाप म्हणतो असंल सहाएक वर्षांचं, गुरुजी लिहितात एक जून. शाळा जूनला सुरू होते, वय बसतं, विषय संपला. अख्ख्या वर्गाची तारीख एक जून असते. ज्यांच्या घरी घड्याळ त्यांनाच वाढदिवस, असा हा देश आहे आपला, वगैरे. माझा आवाज चढला होता. पाठ केलेलं पत्रकच होतं ते.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तारीख खोटी."

"खोटी नाही बाई, दिलेली."

"कोणीतरी दिलेली म्हणजे खोटीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघींसाठी गुलाबांच्या तीन जुड्या बांधून तयार होत्या. संगीतानेच बांधल्या होत्या, तिला माहीत होतं एक तिची आहे. तिने ती हातात घेतलेली. बाई आल्या आणि तिच्या हातातून जुडी काढून घेतली. "ही तुझी नाही." दुसऱ्या दोघींनी हसून आपापल्या परत दिल्या. संगीताचे हात तसेच पुढे राहिले. बाईंनी दोरा सोडला, देठ एक एक करून पुन्हा तिरके कापले आणि गुलाब बादलीत ठेवले. फुलांना धक्का लागणार नाही अशा बेताने.

मग म्हणाल्या, "आईला फोन लाव."

फोन स्पीकरवर. तिकडे जेवणं उरकली होती. संगीता म्हणाली, "आई, मी कधी झाले गं? खरं खरं."

"आता गं बया, हे काय काढलंस? पोळ्याच्या आदल्या दिशी झालीस. खांदेमळणी व्हती. तुझे बाबा बैलाचे खांदे मळाया गेलते अन् हितं माझ्या पोटात कळ. पुरणाची डाळ चुलीवर तशीच राह्यली."

बाई फोनकडे वाकल्या. "कोणत्या साली?"

"साल कसं सांगू माय? हिच्या थोरल्या भावाला त्याच साली शाळेत घातलं."

थोरल्याची शाळेची नोंद होती. बाईंनी कॉम्प्युटरवर जुनं पंचांग काढलं, श्रावणातली अमावास्या पाहिली, एक दिवस मागे आल्या. "अठ्ठावीस ऑगस्ट."

"नक्की, बाई?" संगीताने विचारलं.

"तुझी आई खोटं बोलते का?"

"नाही."

"मग नक्की. चल, ऑगस्ट, दुकान उघड."

अठ्ठावीस ऑगस्टला बाई ग्लॅडिओलसचे बारा दांडे घेऊन आल्या. फिकट केशरी, खालच्या दोनच कळ्या उमललेल्या, व्हॅनच्या पुढच्या सीटवर उभे करून, सीटबेल्ट लावून. कार्डावर सचोटी, फुलाच्या नावाचा मूळ अर्थ तलवार, आणि खाली तारीख. संगीताच्या बेसमेंटमध्ये एवढं उंच भांडं नव्हतं, तिने ते मॉपच्या बादलीत ठेवले आणि फोटो आईला पाठवला. मला म्हणाली, "मी कधी झाले हे आजपातर कोणी विचारलंच नव्हतं गं मला." बाईंनी तिला जे दिलं ते दुसऱ्या कोणी दिलं नव्हतं. मीही नाही. मी नुसतं भाषण दिलं होतं. हे बाईंच्या बाजूचं म्हणून लिहून ठेवते. यापुढे त्यांच्या बाजूचं काही नाही.

पुढच्या वर्षी संगीताने पीआरला, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवान्याला, अप्लाय केलं. घरी धाकट्या बहिणीचं शिक्षण तिच्यावर, गावाला सांगून आलेली की परत येते ती सुट्टीलाच. परमिट संपत आलं होतं. अर्जाला दुकानाचं पत्र लागतं: काम काय, किती तास, कधीपासून. पाच ओळींचं काम. बाईंनी दोन पानी पत्र लिहिलं. संगीताने पहिलं पान वाचलं आणि दुकानातल्या वॉशरूममध्ये जाऊन रडली, इतकं चांगलं लिहिलेलं. हाताखाली तीस वर्षांत हजार विद्यार्थी गेले, हिच्याइतका नेमका हात पाहिला नाही, असं. दुसऱ्या पानावर सही असणार, म्हणून तिने ते उलटून फक्त सही पाहिली आणि स्कॅन करून पाठवून दिलं.

सहीच्या वर एक परिच्छेद होता. अर्जदाराच्या पासपोर्टवर जन्मतारीख एक जून आहे, ती चुकीची आहे. आईची मुलाखत आणि पंचांग यांवरून खरी तारीख अठ्ठावीस ऑगस्ट अशी मी निश्चित केली आहे.

काही महिन्यांनी इमिग्रेशन खात्याचं पत्र आलं. तुमच्याच मालकाने तुमची जन्मतारीख चुकीची असल्याचं लिहिलं आहे, खुलासा करा. मुदत थोडी. एका वकीलबाईंनी सांगितलं, खुलासा तू करच, पण जिने लिहिलं तिने मागे घेतलं तर बरं. मी बाईंच्या नावाने मसुदा केला. आम्ही दोघी दुकानात गेलो. संगीताची त्या दिवशी शिफ्टच होती, तिने हातमोजे घातलेले.

बाईंनी चष्मा लावला, मसुदा वाचला, पेन काढलं. माझ्या इंग्रजीतल्या दोन चुका दुरुस्त केल्या.

"तारीख मला प्रत्यक्ष माहीत नाही. बरोबर. ऐकीव आहे. बरोबर. चुकून लिहिली. हे खोटं आहे." त्यांनी ती ओळ खोडली. "मी मुद्दाम लिहिली."

"का पण बाई?" मी ओरडले. "कोणी विचारलं होतं?"

"पत्र तिच्याबद्दल होतं ना? माणूस कधी जन्मलं हे चुकीचं ठेवून बाकीचं बरोबर कसं लिहायचं?"

"पासपोर्टवर एक जून आहे. दहावीच्या सर्टिफिकेटवर एक जून आहे. कॉलेजच्या कागदांवर—"

"दहादा लिहिलं की खरं होतं का, बाळ?"

"तुमचं खरं तुमच्या लाल कापडात होतं! हिला कुठून मिळणार होतं?"

"मी मिळवून दिलं," बाई म्हणाल्या. त्यांना खरोखरच कळत नव्हतं मी कशाबद्दल बोलतेय.

संगीता पुढे झाली आणि वाकली. ओल्या फरशीवर, देठांच्या तुकड्यांत, बाईंच्या पायांवर तिने हातमोज्यांसकट हात ठेवले. "बाई, तुमच्या पाया पडते. एवढं लिहा. चुकलं म्हणा."

बाई मागे सरकल्या. "उठ. हे असलं करायचं नाही. इट्स ह्युमिलिएटिंग."

"कोणाला?" मी विचारलं.

बाईंनी पेन पुन्हा उचललं. त्यांनी खोडलेल्या ओळीच्या जागी एक नवीन ओळ लिहिली: मात्र तिच्या आईचं सांगणं मला विश्वसनीय वाटतं. खाली सही केली, तारीख घातली, कागद संगीताला दिला. "सही हवी होती ना? घे. आणि त्या लिली उघडल्यात, पुढे काढ."

संगीताने कागदाची घडी केली, ॲप्रनच्या खिशात ठेवली आणि लिली पुढे काढल्या. मी तिथे उभी होते. तिने देठसुद्धा तिरके कापले.

तो कागद पाठवून काही उपयोग नव्हता, वकीलबाई म्हणाल्या, उलट नुकसानच. आम्ही खुलासा पाठवला, गावच्या मुख्याध्यापकांचं पत्र पाठवलं, एक जूनची सगळी रीत समजावून सांगितली. समाधान झालं नाही असं उत्तर आलं. अर्ज नामंजूर.

मी पत्रक काढलं. बाईंचं नाव घातलं नाही, पण मंडळात सगळ्यांना कळलं. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाची वाटी हातात घेऊन एक काकू मला म्हणाल्या, "अगं, पण त्या खोटं तर नाही ना बोलल्या?" सगळ्या माना हलल्या. ढोंगी माणसावर पत्रक लिहिणं सोपं असतं. मी बाईंचं ढोंग शोधलं, खरंच शोधलं. दुकानाच्या पाट्या तपासल्या, जुन्या पोरींना फोन केले, कधी तास कमी लावले का, शिळं फूल ताजं म्हणून विकलं का, कोणा गोऱ्या गिऱ्हाइकाला महिना इकडचा तिकडे करून दिला का. एकही सापडलं नाही. कोणाला एक गुलाबसुद्धा चुकीच्या महिन्यात दिला नव्हता. ती बाई आतून बाहेरून तशीच होती, आणि तिने एका मुलीचं आयुष्य मोडलं, आणि तिच्या हातून एकही चूक झाली नव्हती. असल्या माणसावर काय लिहायचं हे मला कोणी शिकवलेलं नाही.

ऑक्टोबरात संगीता गेली. बाई एअरपोर्टवर आल्या नाहीत. दुकान बंद ठेवता येत नव्हतं, बघणारी दुसरी कोणी नव्हती.

त्यानंतर मी बाईंना एकदाच पाहिलं. गेल्या फेब्रुवारीत, बर्नाबीहून येणाऱ्या बसमध्ये. नजर कमी झाली म्हणून व्हॅन विकली होती असं ऐकलं होतं. पुढच्या सीटवर बसल्या होत्या, रेनकोट, मांडीवर बियांच्या पाकिटांची पिशवी. अंगाने निम्म्या झाल्या होत्या. मी मागे जाणार होते, पण त्यांनी पाहिलं.

"जुलै."

मी थांबले.

"ऑगस्टचं काय चाललंय?"

"गावी आहे. बहिणीचं कॉलेज सुटलं. तिचं स्वतःचं लग्न बघतायत."

"हं." त्यांनी मान हलवली. काच पुसली, बाहेर पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे वळल्या. "तिकडे आहे तर आता सोपं आहे. तारीख दुरुस्त करून घेतली का तिनं?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा असता तर बरं झालं असतं. नव्हता. त्यांना फक्त माहिती हवी होती.

मी दोरी ओढली. माझा स्टॉप चार स्टॉप पुढे होता. बाहेर धो धो चाललं होतं, छत्री नव्हती. बस सुटली तेव्हा बाई काचेतून दिसल्या. मान माझ्याकडे वळलेली, भुवया वर गेलेल्या, उत्तराची वाट बघत.